नाव देणं आणि नावं ठेवणं

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी मानसशास्त्र शिकवते असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस हमखास दोनपैकी एक वाक्य बोलतो. पहिलं वाक्य : ‘अरे बापरे, म्हणजे तुमच्याशी जपून बोलायला हवं. तुम्हाला आमच्या मनातलं कळत असणार.’ आणि दुसरं, जरा आवाज खाली आणून : ‘म्हणजे ते वेड्यांचं ना?’ एका तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना हा विषय शिकवते आहे. ही दोन्ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की आता नुसती हसते.

पण जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालक जे विचारतात, त्यावर मात्र हसून भागत नाही. ‘मॅडम, याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न रास्त आहे. शेतावरचं काम टाकून, भाड्याला पैसे मोडून आलेल्या बापानं तो विचारायलाच हवा. आज त्याचंच उत्तर द्यायचा माझा विचार आहे.

आधी या विषयात असतं काय, ते सांगते. बालभारतीचं २०२० साली आलेलं बारावीचं पुस्तक उघडलंत, तर त्यात बुद्धिमत्ता आहे, व्यक्तिमत्त्व आहे, लक्ष देणं, शिकणं, विचार करणं या बोधनिक प्रक्रिया आहेत, भावना आहेत आणि मानसिक विकृतीही आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि उरलेले २० गुण प्रकल्पाचे. ‘समोरच्याचं मन कसं ओळखावं’ असा धडा मात्र त्यात कुठेही नाही. पहिल्या आठवड्यात हे सांगितलं, की दोन-चार चेहरे पडतात.

मनाबद्दल माणसं हजारो वर्षं बोलत आली आहेत. संत बोलले, तत्त्वज्ञ बोलले, आपली आजीही बोलली. पण मनाचे व्यवहार घड्याळ लावून, मोजून, पुन:पुन्हा तपासून पाहावेत, ही कल्पना तशी अलीकडची. जर्मनीत लाइपझिग इथे विल्हेल्म वुंटनं १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तिथून या शास्त्राचं वय मोजतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू झाला. इतर शास्त्रांच्या पंगतीत हे शास्त्र अजून पोरसवदाच म्हणायचं.

मोजून पाहणं म्हणजे काय, ते आपण आत्ताच करून बघू. मी बारा शब्द सावकाश वाचते. लिहून घेऊ नका, फक्त ऐका. गादी. उशी. पांघरूण. रात्र. थकवा. जांभई. स्वप्न. घोरणं. डुलकी. अंधार. पहाट. गजर. (वाचकांनी हे शब्द एकदाच वाचून पुढे जावं. – सं.) झालं. हे शब्द राहू देत तसेच, थोड्या वेळानं त्यांच्याकडे येऊ.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला या विषयाची भाषाच जड जाते. अभिसंधान, प्रबलन, अवधान, प्रक्षेपण! पोरं म्हणतात, मॅडम, हे मानसशास्त्र आहे की संस्कृत? मग मी त्यांना कुल्फीवाल्याची घंटा आठवायला सांगते. कुल्फी अजून दिसलेलीही नसते, नुसती घंटा वाजते आणि तोंडाला पाणी सुटतं. घंटेला काही चव नसते. पण घंटा आणि कुल्फी इतक्या वेळा जोडीनं आली, की आता एकटी घंटाही पुरते. रशियात पावलॉव्हनं कुत्र्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं, आणि याचंच नाव अभिसंधान. एकदा अनुभव सापडला, की शब्द आपोआप जागेवर बसतो. मग एखादी मुलगी सांगते, ‘मॅडम, आमच्याकडे बाबांच्या मोटरसायकलचा आवाज आला की धाकटा दप्तर उघडून बसतो.’ आलं की अभिसंधान!

आता ते मघाचे बारा शब्द. मी तीन शब्द विचारते, ते यादीत होते की नव्हते ते मनाशी ठरवा. पांघरूण? होता. विहीर? नव्हता. आणि झोप?

वर्गात या तिसऱ्या शब्दाला धडाधड हात वर होतात. काही जण तर पैज लावायला तयार असतात. पण ‘झोप’ हा शब्द मी वाचलेलाच नव्हता. १९५९ साली जेम्स डीझ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अशा याद्या वापरल्या आणि १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडर्मॉट यांनी त्यावर नेटानं काम केलं. सगळे शब्द झोपेच्या भोवतीचे असले, की मन तो मधला शब्द स्वत:च भरून टाकतं आणि वर तो ‘ऐकल्याची’ ग्वाहीही देतं. हात वर करणारी मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना तो खरोखरच आठवत असतो.

एका वर्षी हा प्रयोग झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे आमच्या वाटणीच्या भांडणात काका म्हणतात तसं आजोबा बोललेच नसतील, पण काका खोटं बोलत नसतील, असं होऊ शकतं?’ मी म्हटलं, होऊ शकतं. काका खरं बोलत असतील, खोटं बोलत असतील, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ‘मला स्वच्छ आठवतंय’ एवढ्यानं कुणाचीच बाजू शाबीत होत नाही, बाबांचीही नाही आणि तुझीही नाही. मुलगा खाली बसला. त्या दिवशी त्याला या विषयाचा उपयोग कळला असं मला वाटतं.

तर उपयोगाबद्दल माझं पहिलं म्हणणं हे, की हा विषय दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवत नाही, तो आपल्या मनावर किती विसंबावं ते शिकवतो. सतराव्या-अठराव्या वर्षी ही गोष्ट कळणं फार मोलाचं आहे, कारण त्या वयात आपल्याला सगळ्या जगाबद्दल पक्की खात्री असते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त नाजूक आहे. आपल्या मराठीत ‘नाव देणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत केवळ एका अनुस्वाराचं आणि क्रियापदाचं अंतर आहे. शास्त्राचं काम नाव देणं. आपला सगळ्यांचा आवडता उद्योग नावं ठेवणं. आणि बारावीच्या पुस्तकातला मानसिक विकृतींचा धडा आला, की ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळायला लागतात.

तो धडा सुरू झाला, की वर्गात साथ आल्यासारखी होते. जो तो आपापल्या घरात रुग्ण शोधू लागतो. आई दोनदा कडी तपासते, म्हणजे तिला ओसीडी. मैत्रीण सकाळी हसते आणि दुपारी रुसते, म्हणजे ती बायपोलर. परीक्षेत कमी गुण पडले म्हणून चार दिवस तोंड पाडून बसलेल्याला डिप्रेशन. मोबाइलवरच्या चित्रफितींनी या शब्दसंग्रहात आणखी भर घातली आहे. पूर्वी आपण म्हणत होतो येडा, खुळा, मठ्ठ, आळशी. आता त्याच तोंडानं, त्याच घाईनं इंग्रजी नाव म्हणतो. शब्द नवा आला, पण शहाणपण तेवढंच राहिलं.

मग मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. किती दिवस? किती त्रास? आणि रोजचं काम किती अडलं? नैराश्य हा आजार म्हणायचा, तर डॉक्टर मंडळी ज्या निकषांचा आधार घेतात, त्यांत नऊपैकी निदान पाच लक्षणं आणि तीही सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, असं मोजमाप आहे. छिन्नमनस्कतेसाठी, म्हणजे ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्यासाठी, त्रासाच्या खुणा निदान सहा महिने असाव्या लागतात. हे मोजमाप लावायचं कामही शिकलेल्या डॉक्टरांचं, आपलं नव्हे. पण मोजमाप आहे एवढं कळलं, तरी जीभ जरा थांबते.

नाव दिल्यानं काय होतं आणि नावं ठेवल्यानं काय होतं, याची एक जुनी गोष्ट बुद्धिमत्तेच्या धड्यात आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमॉन यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. हेतू अगदी साधा होता. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला वेगळ्या मदतीची गरज आहे ते शोधायचं, म्हणजे ती मदत देता येईल. बुद्धी म्हणजे जन्मत: ठरून गेलेली, न बदलणारी मात्रा आहे, हे मत बिनेला मान्य नव्हतं. १९११ साली तो वारला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत हेन्री गॉडर्डनं तीच चाचणी बोटीतून दमूनभागून उतरणाऱ्या परदेशी माणसांवर लावली. ना भाषा ठाऊक, ना हाती पेन्सिल धरायची सवय, आणि कपाळावर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का. मुलाला हात देण्यासाठी बनवलेलं साधन माणसाला दारातून परतवण्यासाठी वापरलं गेलं.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं. पॅरिसच्या मुलाला विचारायचा प्रश्न आपल्या मुलाला जसाच्या तसा विचारून चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं. बिने-कामत चाचणी हे नाव मुलांच्या तपासणीच्या निमित्तानं अनेक पालकांनी ऐकलेलं असेल. त्यावर आलेला आकडा म्हणजे मुलाची किंमत नव्हे. त्याला कुठे, कशी मदत करायची याची ती सुरुवात आहे.

आणि शास्त्रानं दिलेली नावंसुद्धा दगडावरची रेघ नसतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकतेला विकारांच्या यादीत ठेवलं होतं, ते १९७३ साली काढून टाकलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असं सांगितलं. म्हणजे मधल्या काळात किती माणसांनी नसलेल्या आजाराचं नाव अंगावर वागवलं, याचा विचार करा. ज्या शास्त्राला आपली यादी दुरुस्त करावी लागली, त्याच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्याला नाव चिकटवताना दहा वेळा थांबायला नको का?

इथपर्यंत मी थांबण्याबद्दलच बोलले. पण नुसतं थांबून चालत नाही, असेही प्रसंग येतात. त्यातला एक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी विकृतींचा धडा संपल्यावर एक मुलगी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली. म्हणाली, ‘मॅडम, हे छिन्नमनस्कतेचं जे आहे, ते घरात कुणाला असलं तर?’ तिचा थोरला भाऊ वर्षभर एकटाच बोलत होता. अंघोळ सोडली होती. आईच्या हातचं जेवण ताटातच ठेवून द्यायचा, त्यात काहीतरी कालवलंय म्हणून. घरात आजीच्या मते ही बाहेरची बाधा होती. वडिलांच्या मते आळस. तीन ठिकाणी अंगारे-धुपारे झाले होते, एका ठिकाणी त्याला मारही बसला होता. आणि आता या मुलीच्या हाती पुस्तकातला एक पाच-सहा अक्षरी शब्द आला होता. तो घेऊन ती घरी जाणार होती.

मी तिला म्हटलं, शब्द इथेच ठेव. घरी जाऊन तो कुणाला सांगू नकोस. वहीचं एक पान घे आणि तुला जे दिसतं तेवढंच लिही. कधीपासून? रात्री किती झोपतो? काय खातो, काय टाकतो? कुणाशी बोलतो? काय म्हणतो, त्याच्याच शब्दांत. ‘वेड्यासारखं करतो’ असं लिहायचं नाही, ‘खिडकी बंद करून कोपऱ्यात बसतो’ असं लिहायचं. तिनं आठ दिवसांनी पान आणून दाखवलं. त्यात एकही नाव ठेवलेलं नव्हतं. मग आम्ही तिच्या वडिलांना बोलावलं. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. आळशी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी ते पान मागून घेतलं आणि फायलीला लावलं. आजी मात्र अडून बसल्या होत्या. ‘तुमच्या गोळ्यांनी देवाचं कसं बरं होईल?’ त्यावर ही सतरा वर्षांची मुलगी आजीला म्हणाली, ‘आजी, तुझा अंगारा राहू दे कपाळाला. गोळी पोटात जाऊ दे. दोघांचं भांडण नाही. पण आता दादाला कुणाच्याही पुढे मार खायला न्यायचं नाही.’ आजी कबूल झाल्या.

पुढे सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत. मधे एकदा बंद केल्या तर त्रास उलटला. पण मुलगा वडिलांबरोबर शेतात जातो, दोन वेळचं जेवतो, सणाला चारचौघांत बसतो. आणि त्या मुलीला बारावीला मानसशास्त्रात बेताचेच गुण मिळाले. तिनं लिहिलेल्या त्या पानाला गुण द्यायची सोय आमच्या परीक्षेत नाही.

ही एका घराची गोष्ट आहे, पण अशी घरं थोडी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या पाहणीत शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आजारागणिक आकडा वेगळा, पण त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचलेले नव्हते. या मधल्या दरीत काय काय असतं? पैसा नसतो, डॉक्टर जवळ नसतो, हे तर खरंच. पण ‘लोक काय म्हणतील’ हेही असतं. म्हणजे पुन्हा नावं ठेवणंच.

दरी भरायची काही साधनं आता हाताशी आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८च्या मे महिन्यापासून लागू झाला, आणि सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे असं तो सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही. दरवर्षी पहिल्याच तासाला मी हा क्रमांक मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. परीक्षेत तो येत नाही, पण कुणाच्या तरी घरी लागतो.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळते. पुढे उपयोग काय? ज्याला यातच पुढे जायचं आहे, त्यानं पदवी, पदव्युत्तर पदवी आणि रुग्णांबरोबर काम करायचं तर जाणत्यांच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण, असा लांबचा पल्ला धरून चालावं. बारावीला मानसशास्त्र घेतलं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही. आणि औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ हे आधी एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, त्यांची वाट विज्ञान शाखेतून जाते. हे दोन रस्ते प्रवेशाआधीच नीट समजून घ्या, म्हणजे नंतर मनस्ताप नको.

पण खरं सांगायचं, तर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं यातल्या कुठल्याच रस्त्यानं जात नाहीत. कुणी पोलिसात भरती होतं, कुणी अंगणवाडीत लागतं, कुणी एसटीत वाहक होतं, कुणी दुकान चालवतं, कुणी शेती बघतं. बहुतेक सगळी पुढे आई-बाप होतात. त्यांना वुंटची तारीख आठवायची नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. पण गाडीत कुणी एकटंच बडबडणारं माणूस चढलं, तर त्या वाहकानं हसण्याआधी त्याला बसायला जागा द्यावी. चौकीत बाई रडत काही सांगताना तिच्या सांगण्यात मागेपुढे झालं, तर त्या शिपायानं लगेच ‘खोटं बोलते’ म्हणू नये. स्वत:चं मूल आकडेमोडीत अडलं, तर त्या आईनं ‘मठ्ठ’ म्हणायच्या आधी ते नेमकं कुठे अडतंय ते पाहावं.

एवढं जरी झालं, तरी दोन वर्षांची फी आणि गाडीभाडं वसूल झालं असं मी समजेन. जूनमध्ये मला विचारायला येणाऱ्या प्रत्येक बापाला मी हेच सांगते. बरेच जण ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मुलाला भूगोल देतात. काही जण अर्ज पुढे करून म्हणतात, ‘लिहा मग, मानसशास्त्र.’